शाळेच्या नावाने बोली

शाळेचा निधी-लिलाव म्हणजे वर्षातून एकदा, एका संध्याकाळी भरणारा बाजार. त्यात विकणारे पालक, घेणारेही पालक आणि बहुतेक माल फुकटात मिळालेला. कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याचे कूपन, कुणा पालकाच्या डोंगरातल्या घरी चार दिवसांचा मुक्काम, वर्गातल्या मुलांनी रंगवलेला बाक, मुख्याध्यापकांबरोबर आइस्क्रीम, असे काहीही बोलीला चढते. रात्री हिशेब होतो आणि त्या पैशांतून पुढच्या वर्षीचा संगीत शिक्षक किंवा ग्रंथपाल ठेवला जातो. अमेरिकेतल्या, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावरच्या शाळांच्या कॅलेंडरात हा दिवस गॅदरिंगइतकाच पक्का असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात किंवा सिएटलला स्थायिक झालेल्या मराठी घरांतही मूल बालवाडीत जाऊ लागले की याचे निमंत्रण येते, आणि फी नसलेल्या सरकारी शाळेला लिलाव कशासाठी करावा लागतो, असा प्रश्न साहजिकच पडतो.

त्याचे उत्तर तिथल्या शाळांच्या अर्थकारणात आहे. सार्वजनिक शाळांचा खर्च मुख्यतः राज्य सरकार आणि स्थानिक शाळा-जिल्हा भागवतात. केंद्र सरकारचा वाटा साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास राहतो. स्थानिक वाट्याचा मोठा भाग घरांवरच्या मालमत्ता करातून येतो, त्यामुळे ज्या गावातली घरे महाग, तिथली शाळा सधन, असा प्रकार वर्षानुवर्षे चालत आला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ खटल्यात या विषमतेवर बोट ठेवले आणि राज्याला शाळांच्या निधीची फेरवाटणी करावी लागली. पाठोपाठ जून १९७८ मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केले. मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला गेला आणि घर त्याच मालकाकडे असेपर्यंत त्याचे मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येणार नाही, असे ठरले. घरमालक खूश झाले. शाळांमधून मात्र संगीत, चित्रकला आणि ग्रंथालय यांना कात्री लागू लागली. सधन वस्त्यांमधल्या पालकांनी मग स्वतःच शिक्षण-निधीच्या संस्था काढल्या. कर वाढवायचा नाही आणि शाळाही उतरू द्यायची नाही, या पेचातून जे मार्ग निघाले त्यांतला सर्वांत झगमगीत मार्ग लिलावाचा.

या कामाची यंत्रणा मात्र त्याहून जुनी आहे. अ‍ॅलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी अ‍ॅपरसन हर्स्ट यांनी फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉशिंग्टनला ‘नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स’ स्थापन केली. आजची राष्ट्रीय पालक-शिक्षक संघटना, म्हणजे पीटीए, तिच्यातूनच वाढली. शाळाशाळांतल्या पीटीए किंवा तशाच स्वतंत्र पालकसंस्था करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या असतात आणि लिलाव त्यांच्याच नावावर होतो. शाळा जागा देते, मुख्याध्यापक भाषण करतात, पण खाते आणि जबाबदारी पालकसंस्थेची.

लिलावाची समिती साधारण सहा ते नऊ महिने आधी बसते. तिच्यापुढचे प्रश्न रुक्ष असतात: तारीख कोणती, जागा कोणती, माणसे किती येतील. तारीख शाळेच्या सुट्ट्या, शेजारच्या शाळांचे लिलाव आणि मोठे फुटबॉल सामने चुकवून ठरवावी लागते. दारू ठेवायची तर शाळेच्या आवारात बहुधा परवानगी मिळत नाही, मग गावातला हॉल घ्यावा लागतो आणि एका दिवसाचा परवानाही काढावा लागतो. दारू ठेवली की बोली चढते, हे सगळ्यांना माहीत असते. समितीच्या इतिवृत्तात ते कुणी लिहीत नाही, एवढेच.

खर्चाची तोंडमिळवणी आधीच करून ठेवणे ही या धंद्यातली मूळ शिस्त. हॉलचे भाडे, जेवण, सॉफ्टवेअर, लिलाव पुकारणाऱ्याची फी हे सगळे प्रायोजकांच्या जाहिरातींतून आणि तिकिटांतून निघाले, तर बोलीतला प्रत्येक डॉलर शाळेचा. ही काळजी घेतली नाही तर बाहेर सांगायला आकडा मोठा दिसतो आणि हाती निम्माच उरतो. गावातले दातांना तारा बसवणारे डॉक्टर आणि घरांचे दलाल हे ठरलेले प्रायोजक. दोघांचीही गिऱ्हाइके त्याच हॉलमध्ये बसलेली असतात.

वस्तू मिळवणे हे सर्वांत कंटाळवाणे काम, आणि लिलाव बसतो तो बहुतेक वेळा इथेच. प्रत्येक वर्गाचा एक पालक-प्रतिनिधी यादी घेऊन दुकानोदुकानी फिरतो. संस्थेच्या करक्रमांकासह छापलेले पत्र हाती असावे लागते, कारण दुकानदार पहिल्यांदा तेच मागतो. मोठ्या साखळी दुकानांचे अर्ज कित्येक आठवडे आधी भरावे लागतात. उन्हाळी शिबिरे, पोहण्याचे वर्ग, संग्रहालयांचे पास, हॉटेलचा एका रात्रीचा मुक्काम आणि उपाहारगृहांची कूपने ही भरताड सहज जमते. पंचवीस डॉलरची सुटी कूपने टेबलावर मांडली तर लोक त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तीच चार-पाच एकत्र करून ‘पावसाळी रविवार’ किंवा ‘आजीआजोबा येणार आहेत’ अशी परडी केली की खपतात. प्रवासकंपन्या ‘विकले गेले तरच पैसे द्या’ या बोलीवर परदेशी सहलीही देतात. त्यात शाळेला सहलीची ठरलेली किंमत कंपनीला मोजावी लागते आणि वरची रक्कम तेवढी शाळेची. पुस्तिकेत अशी सहल भारदस्त दिसते. पण पालकाचे चार हजार डॉलर तिच्यात गेले आणि शाळेला त्यातले पाचशे मिळाले, तर त्या पालकाच्या खिशातली त्या रात्रीची बहुतेक रक्कम प्रवासकंपनीने नेली, असाच त्याचा अर्थ.

चढ्या भावाने जाते ती वस्तू बहुधा कुठल्याच दुकानात मिळत नाही. शाळेच्या दारासमोरची गाडी लावायची वर्षभराची राखीव जागा, पदवीदान किंवा नाटकाच्या दिवशी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, ‘एक दिवसाचा मुख्याध्यापक’ होण्याचा मान, आवडत्या बाईंबरोबर चार मुलांची सहल, या गोष्टींवर शाळेचा खर्च जवळपास शून्य असतो. बाजारभाव नसल्यामुळे त्यांची ‘योग्य किंमत’ कुणालाच ठाऊक नसते. मुलांनी केलेल्या वर्गकृतींचेही तसेच. दुसरीतल्या बावीस मुलांच्या अंगठ्यांचे ठसे पानांच्या जागी उमटवलेले एक झाड चौकटीत बसवून मांडले, तर त्याला जगात फक्त बावीस घरांमधून गिऱ्हाईक. पण त्या बावीसांतल्या दोघांना ते हवेच असते, आणि लिलावाला दोघे पुरतात.

बाजारात न मिळणाऱ्या वस्तूला बोली चढते, हे आपल्याकडे नवे नाही. गोव्यातल्या देवळांत आणि चर्चच्या फेस्तांत नारळ, फळे, भाजी यांची पावणी होते आणि भोपळ्याला बाजारापेक्षा कितीतरी जास्त भाव येतो, कारण तो देवाचा झालेला असतो. हैदराबादजवळच्या बालापूरचा गणपतीचा लाडू १९९४ मध्ये पहिल्यांदा लिलावात निघाला तेव्हा ४५० रुपयांना गेला होता. २०२४ मध्ये त्याला ३० लाख १ हजार रुपये आले, आणि हा पैसा गावाच्या विकासकामांवर खर्च होतो. महात्मा गांधींनी १९३३-३४ च्या हरिजन यात्रेत सभेत मिळालेली मानपत्रे आणि ती ठेवलेले करंडक तिथल्या तिथे लिलावात काढून निधी उभा केला. ज्याने आदल्या क्षणी मानपत्र दिले त्यालाच ते पैसे मोजून परत घ्यावे लागले, असेही होई. अमेरिकन शाळेतले पालक याहून वेगळे काही करत नाहीत. आपल्याच मुलाने केलेले चित्र आपणच विकत घेतात.

वस्तू जमल्या की किमतीचा प्रश्न येतो. संध्याकाळच्या लिलावाचे दोन भाग असतात. पहिला मूक लिलाव. लांब टेबलांवर वस्तू मांडलेल्या, प्रत्येकीपुढे एक कागद आणि दोरीने बांधलेले पेन. कागदावर वस्तूचे वर्णन, अटी, अंदाजे बाजारभाव, सुरुवातीची किंमत आणि दर खेपेला किमान किती वाढवायचे तो आकडा. समजा, दोनशे डॉलरच्या पोहण्याच्या वर्गाचा कागद आहे. सुरुवात ८० ला. पहिल्या ओळीवर कुणीतरी आपला पाटीक्रमांक, म्हणजे आत येताना मिळालेल्या पाटीवरचा आकडा, आणि ८० लिहून जातो. दुसरा १०० लिहितो, तिसरा १२०. पहिला जेवणाचे ताट हातात घेऊन फिरत येतो, कागद पाहतो, ताट खाली ठेवतो आणि १४० लिहितो. सुरुवात बाजारभावाच्या चाळीस-पन्नास टक्क्यांवर आणि वाढ दहा टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा रिवाज आहे. आपल्याकडच्या हर्रासात सरकारी बोली फार वर ठेवली की लोक गप्प बसतात, तसेच इथेही. कागदावर पहिला आकडा पडावा यासाठी तो खालीच ठेवावा लागतो.

मूक लिलावातले खरे कसब वेळेत आहे. सगळी टेबले एकदम बंद केली तर शेवटच्या दोन मिनिटांत माणूस एकाच टेबलापाशी उभा राहू शकतो. म्हणून टेबलांना रंग देतात आणि निळे टेबल साडेसातला, हिरवे पावणेआठला, लाल आठला, असे टप्प्याटप्प्याने बंद करतात. निळ्यावर हरलेला पालक पैसे खिशातच ठेवून हिरव्याकडे सरकतो. साधारण गेल्या दीड दशकात कागदाची जागा मोबाइलने घेतली. ‘तुमच्या बोलीवर दुसऱ्याने बोली लावली’ असा संदेश खिशात थरथरला की माणूस जेवता जेवता रक्कम वाढवतो, आणि घरी मुलांपाशी थांबलेली आई किंवा सिंगापूरला गेलेले बाबाही स्पर्धेत राहतात. २०२० च्या साथीत तर पूर्ण लिलाव ऑनलाइन झाले. उलट बाजूही आहे. दोनशे माणसे हॉलमध्ये येऊन आपापल्या पडद्यात डोके घालून बसतात आणि समोरच्या वस्तूकडे कुणी पाहत नाही. त्यामुळे काही शाळा मोबाइलवरची बोली जेवण संपायच्या आत बंद करतात.

लिलाव हा अर्थशास्त्रात मोठ्या प्रतिष्ठेचा विषय आहे. २०२० चे नोबेल पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना त्याच कामासाठी मिळाले. पण शाळांच्या समित्यांना उपयोगी पडेल असा निष्कर्ष त्याआधीचा आहे. जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्परर यांनी १९९६ मध्ये दाखवले की, काही गृहीतके मान्य केली तर, विक्रेत्याने अत्यंत हुशारीने नियम आखण्यापेक्षा बोलीला एक जादा गिऱ्हाईक आणणे जास्त फायद्याचे ठरते. त्यामुळे पुस्तिकेच्या कागदाची जाडी आणि सजावटीचा रंग यांवर तासन्‌तास खल करणाऱ्या समितीने तो वेळ न आलेल्या पालकांना फोन करण्यात घालवलेला बरा.

धर्मादाय लिलावाचा विषय आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण हरणाऱ्यालाही शाळेला मिळालेल्या पैशाचा आनंद असतो. २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आलेल्या एका लेखात असा सिद्धांत मांडला गेला की, सार्वजनिक कामासाठी पैसे उभे करायचे असतील तर जिंकणाराच पैसे देतो तो लिलाव कमी पडतो. बोली लावणारा प्रत्येक जण, हरला तरी, आपली रक्कम देतो अशी पद्धत सर्वाधिक पैसे आणेल. गणित बिनचूक होते. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजच्या जेफ्री कार्पेंटर, जेसिका होम्स आणि पीटर मॅथ्यूज यांनी मग प्रयोगशाळेऐवजी शिशुशाळांच्या निधी-लिलावांतच बंद पाकिटातल्या बोलीच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या. २००८ मध्ये ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सिद्धांताच्या उलट निघाला: जो जास्त देईल त्यानेच, आणि बोललेली रक्कमच द्यायची, ही साधी पद्धत सर्वांत फायद्याची ठरली. कारण नियम अनोळखी किंवा ‘हरलात तरी पैसे द्या’ असे म्हटले की पुष्कळ पालक बोलीच लावत नाहीत. शाळेच्या लिलावाबद्दल इतका नेमका पुरावा दुसरा सापडणे अवघड आहे, आणि तोही शेवटी गिऱ्हाइकांच्या संख्येपाशीच येऊन थांबतो.

दुसरा भाग उघड बोलीचा. जेवण वाढून होत आले की लिलाव पुकारणारा मंचावर येतो. काही शाळा गावातल्या बोलक्या पालकाला उभे करतात आणि ते सहसा महागात पडते. ओळखीच्या माणसांकडून आणखी शंभर मागताना त्याची जीभ अडखळते. धर्मादाय लिलावात मुरलेले व्यावसायिक वेगळे असतात. अमेरिकेतल्या लिलावकारांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रमाणपत्रही ठेवले आहे. गुरांच्या बाजारातल्यासारखी भरधाव पुकार इथे चालत नाही. आकडा स्पष्ट ऐकू यावा लागतो, कारण हॉलमधल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात कधी लिलाव पाहिलेला नसतो. उघड बोलीला आठ ते बारा वस्तू पुरतात. प्रत्येकीला दोन-तीन मिनिटे. त्याहून जास्त ठेवल्या की शेवटच्या चार वस्तू रिकाम्या खुर्च्यांना विकाव्या लागतात. सर्वांत भारी वस्तू पहिली किंवा शेवटची ठेवत नाहीत. पहिलीच्या वेळी लोक अजून खुर्च्या शोधत असतात आणि शेवटचीच्या वेळी मुलांना सांभाळणाऱ्या मुलीची वेळ संपत आलेली असते. मधल्या जागी तिला भाव येतो.

अनुभवी पुकारणाऱ्याची एक युक्ती पाहण्यासारखी आहे. कुणा पालकाच्या समुद्रकाठच्या घरी आठवडाभर राहण्यावर दोघे अडून बसले आहेत. एक १९०० वर, दुसरा २००० वर, आणि बाकीचे गप्प. ‘एक वार, दोन वार’ म्हणायच्या आधी पुकारणारा घराच्या मालकाकडे वळून विचारतो, आणखी एक आठवडा द्याल का? मालकाला हे आधीच सांगून ठेवलेले असते. तो मान हलवतो, दोघांनाही १९०० ला एकेक आठवडा मिळतो आणि २००० च्या जागी शाळेच्या पदरात ३८०० पडतात. सगळ्यांसमोर कुणी हरत नाही, हा वरचा नफा.

पण रात्रीचा सर्वांत मोठा आकडा पुष्कळदा वस्तूंचा नसतोच. उघड बोलीच्या मध्ये कुठेतरी दिवे थोडे मंद होतात आणि एक शिक्षिका किंवा माजी विद्यार्थी दोन मिनिटे बोलतो. विषय एकच, नेमका: वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी एक जादा शिक्षक, किंवा विज्ञानाच्या खोलीतले मोडके नळ. मग पुकारणारा वस्तू न दाखवता नुसते पैसे मागतो. याला पॅडल रेझ, म्हणजे पाटी उंचावणे, म्हणतात. आकडा वरून खाली येतो. ‘पाच हजार कोण देईल?’ इथे हॉल गार पडू नये म्हणून समितीने एखाद्या कुटुंबाला आधीच गळ घातलेली असते. एक पाटी वर जाते, टाळ्या होतात. अडीच हजार, तीन पाट्या. एक हजार, नऊ. भिंतीलगत उभे असलेले दोन स्वयंसेवक एकमेकांकडे न पाहता पाटीक्रमांक लिहून घेत असतात, म्हणजे नंतर दोन याद्या ताडून पाहता येतात. पाचशे, अडीचशे, शंभर. पन्नासपर्यंत येईतो हॉलमधली जवळपास प्रत्येक पाटी एकदा तरी वर गेलेली असते. खालून वर गेले असते तर पाच हजार देऊ शकणाऱ्याने पन्नासलाच पाटी उंचावून जबाबदारी संपवली असती. वस्तूच्या बोलीत दहा लोक भाग घेतात, इथे दीडशे. रक्कम मोठी होते ती म्हणूनच.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मराठी घरांसाठी यातली एक गोष्ट कामाची आहे. पुष्कळ सॉफ्टवेअर कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतःही देतात. लिलावात घेतलेल्या वस्तूला कंपनीची ही जोड सहसा मिळत नाही, पॅडल रेझमधल्या देणगीला मिळू शकते. हाच पैसा दुप्पट करायचा असेल तर अर्ज भरायची आठवण समितीने करून द्यावी लागते, आणि बहुतेक समित्या ती विसरतात.

कायद्याची बाजू कोरडी असली तरी टाळता येत नाही. लिलावात वस्तू घेणे म्हणजे दान करणे नव्हे. वस्तूच्या बाजारभावापेक्षा जेवढे जास्त दिले तेवढ्याच रकमेची करसवलत मागता येते, आणि तीही बाजारभाव आधी ठाऊक असेल तर. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमत छापतात. वस्तूच्या बदल्यात ७५ डॉलरपेक्षा जास्त रक्कम स्वीकारली तर संस्थेला वस्तूची अंदाजे किंमत देणाऱ्याला लेखी कळवावी लागते. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीसाठी दात्याकडे लेखी पोच असावी लागते. वस्तू देणाऱ्यांचे नियम अधिक चमत्कारिक आहेत. आपल्या सुट्टीच्या घरात आठवडाभर राहू देणाऱ्याला त्या भाड्याची सवलत मिळत नाही. फुकट सल्ला देणाऱ्या वकिलाला त्याच्या वेळेची मिळत नाही. चित्रकाराने स्वतःचे चित्र दिले तर सवलत फक्त रंग आणि कॅनव्हासच्या खर्चाची. लिलावाच्या रात्री सोडतही काढायची तर तिचे नियम राज्याराज्यांत वेगळे. कॅलिफोर्नियात धर्मादाय सोडतीच्या एकूण जमेतले ९० टक्के त्या कामालाच गेले पाहिजेत आणि आधी महाधिवक्त्यांकडे नोंदणी लागते, त्यामुळे ‘निम्मे तुमचे, निम्मे शाळेचे’ ही सर्वत्र खेळली जाणारी सोडत तिथल्या शाळांना बंद आहे. लहान शाळा हे नियम नकळत मोडतात.

लिलावाच्या रात्रीची फजिती बहुधा दारातच होते. आत येताना प्रत्येकाचे नाव, पाटीक्रमांक आणि क्रेडिट कार्ड एकदाच नोंदवून घेतले तर जाताना नुसती वस्तू हातात द्यायची उरते. ते केले नाही तर रात्री साडेदहाला शंभर माणसांची रांग लागते, कुणाचा हिशेब कुणाच्या नावावर पडतो, आणि अंगठ्यांचे झाड घेऊन एक कुटुंब पैसे न देता घरी पोहोचते. वसुलीसाठी शाळेतल्या ओळखीच्या माणसाला फोन करणे किती अवघड, हे ज्या खजिनदाराने केले आहे तोच जाणे.

दुसऱ्या दिवसापासूनचे काम कुणालाच आवडत नाही. पोचपावत्या, वस्तू देणाऱ्या दुकानांना आभाराची पत्रे, न उचललेल्या वस्तू आणि जमाखर्च. पिझ्झावाल्याला त्याच्या कूपनावर किती बोली लागली आणि शाळेला किती मिळाले हे दोन ओळींत कळवले, तर तो पुढच्या वर्षी पत्राची वाट न पाहता देतो. निव्वळ किती उरले आणि ते कशावर खर्च होणार, हे पालकांना त्याच महिन्यात सांगणाऱ्या शाळांना पुढची समिती जमवताना हातापाया पडावे लागत नाही. कोणत्या वस्तूला एकही बोली आली नाही याची यादी ठेवणे तर फारच उपयोगाचे, कारण मेणबत्त्यांची परडी दरवर्षी कुणीतरी देतेच.

इतके नीट करूनही एक प्रश्न लिलावाच्या बाहेर उरतो. ज्या शाळेचे पालक दोन हजारांची बोली लावू शकतात, त्या शाळेलाच हा मार्ग फळतो. ‘सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस’च्या २०१७ च्या अहवालानुसार, देशभरच्या पालक-शिक्षक संघटना वर्षाला अंदाजे ४२.५ कोटी डॉलर उभे करतात, आणि त्यांतले जवळपास १० टक्के ज्या शाळांकडे जातात तिथे देशातल्या विद्यार्थ्यांपैकी हजारात एक शिकतो. फेरवाटणीने मिटवू पाहिलेली दरी इथे मागच्या दाराने परत येते. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या शाळा-जिल्ह्यात अनेक वर्षे असा नियम होता की, शिक्षकांच्या पगारासाठी जमवलेल्या निधीतले पहिले १० हजार डॉलर शाळेने ठेवावेत आणि त्यावरच्या रकमेचा एक तृतीयांश सामाईक निधीत जमा करून गरजू शाळांना द्यावा. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका-मालिबू जिल्ह्याने २०११ मध्ये शाळांतल्या जादा कर्मचाऱ्यांसाठीचे निधिसंकलन शाळानिहाय न ठेवता जिल्ह्याच्या पातळीवर नेण्याचे ठरवले. श्रीमंत मालिबूच्या पालकांनी त्याला कडाडून विरोध केला आणि स्वतंत्र शाळा-जिल्ह्याची त्यांची मागणी आणखी जोर धरू लागली. आपल्या मुलाच्या शाळेसाठी पाटी उंचावणारा हात शेजारच्या शाळेसाठी तितक्या सहज वर जात नाही, हे तिथे दिसले.

म्हणून जाणत्या समित्या लिलावाच्या पैशावर कायमचा पगार टांगत नाहीत. वाद्ये, ग्रंथालयाचे फडताळ, विज्ञानाची उपकरणे अशा एकदाच्या खर्चाला तो लावतात. पगारासाठी कर लागतो, आणि तो मतदारांच्या हातात आहे.